कॉम्प्युटर इंजिनीअरिंग की बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मदत हवी आहे

मुग्धा_वर्तकनगर

नमस्कार मंडळी. लेकीची बारावी झाली. सीईटीत ९३ च्या वर पर्सेंटाइल आहेत, गणित पहिल्यापासून भक्कम. कॅपचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म लवकरच भरायचा आहे आणि घरात तीन माणसांची तीन मतं आहेत.

तिचे बाबा म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच घ्यायचं, ठाणे-नवी मुंबईत जिथे मिळेल तिथे. माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याचं म्हणणं, कॉम्प्युटर सायन्स म्हणजे सॉफ्टवेअर आणि कॉम्प्युटर इंजिनीअरिंग म्हणजे हार्डवेअर, तेव्हा पोरीला नक्की काय करायचंय ते आधी विचारा. आणि पोरीला ठाण्यातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि पुन्हा केमिस्ट्री तिला नको वाटतंय.

दोन्हींत खरोखर शिकवतात काय, पुढे नोकरीत आणि उच्च शिक्षणात किती फरक पडतो, हे कोणी अनुभवाने सांगेल का? घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यामुळे फीचा विचारही करावाच लागेल.

ट्रान्सहार्बर

डोळे झाकून बी.ई. घ्या ताई. ९३ पर्सेंटाइल असताना बी.एस्सी. कशाला? पहिल्या नोकरीच्या वेळी पोर्टलवर पात्रतेचा रकाना असतो, तिथे बी.ई./बी.टेक. लिहिलेलं असतं. हुशारी त्याच्या नंतर मोजतात.

पामबीच

डोळे झाकून कशाला? चार वर्षं पोरीने काढायची आहेत. ती स्वतः काहीतरी सांगतेय तर तिचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यावं.

खडूफळा

मुग्धाताई, मी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या भावाचं म्हणणं अमेरिकेपुरतं बरोबर आहे, मुंबई विद्यापीठात ते तसंच लागू करू नका. आपल्याकडे ‘कॉम्प्युटर इंजिनीअरिंग’ नावाने जे शिकवतात ते बहुतांश कॉम्प्युटर सायन्सच आहे. दुसऱ्या वर्षापासूनचे विषय बघा: डिस्क्रीट स्ट्रक्चर्स आणि ग्राफ थिअरी, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम. तिसऱ्या वर्षी थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स, नेटवर्क, कम्पायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर), क्रिप्टोग्राफी, एआय. हार्डवेअर म्हणावं तर डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि मायक्रोप्रोसेसर, एवढंच. आयआयटी मुंबईत याच विषयांच्या विभागाचं नाव कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग आहे.

अमेरिकेत ज्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची शाखा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स, थोडक्यात ईसीएस. किंवा मग सरळ ईएक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. सर्किट, डिजिटल डिझाइन, एम्बेडेड (यंत्राच्या आत बसवलेले छोटे संगणक), व्हीएलएसआय (चिपची रचना) हे सगळं तिकडे.

म्हणजे तुमच्यासमोर दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला, तीन वर्षांचं बी.एस्सी. की चार वर्षांचं बी.ई. दुसरा, बी.ई. करायचं ठरलं तर सॉफ्टवेअरच्या बाजूची शाखा की इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूची. घरात तिघं भांडताहेत, पण तिघांचे विषय वेगळे आहेत असं मला वाटतं.

आणखी एक. बरीच कॉलेजं आता स्वायत्त झालीत आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमही बदलतोय. कुठला विषय कुठल्या सत्रात हे इकडेतिकडे होईल. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची पानं लेकीबरोबर बसून वाचा. पहिल्या वर्षावरून काही ठरवू नका, ते जवळपास सगळ्या शाखांना सारखंच असतं.

बोर्डकिडा

खडूफळा मॅडमना पूर्ण अनुमोदन. मी महाप्याला एमआयडीसीत एम्बेडेडचं काम करतो. आमच्याकडे दोन्ही प्रकारची मुलं येतात, म्हणून फरक रोज डोळ्यांसमोर असतो.

एक उदाहरण सांगतो. पंपाच्या कंट्रोल पॅनेलसाठी एक बोर्ड केला होता. टेबलावर उत्तम चालायचा. साइटवर लावला की मधूनच रीसेट व्हायचा. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने वॉचडॉगचा कोड तपासला, स्टॅक ओव्हरफ्लो होतोय का ते पाहिलं, सगळीकडे लॉग घातले. फार नीट काम केलं त्याने, पण सापडेना. मग इलेक्ट्रॉनिक्सची एक मुलगी ऑसिलोस्कोप घेऊन बसली. कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, बंद होताना त्याच्या कॉइलमधून व्होल्टेजचा जोरदार झटका येत होता आणि तो बोर्डाच्या सप्लायपर्यंत पोचत होता. कॉइलवर झटका शोषणारा स्नबर लावला, बोर्डावरचं ग्राउंड सुधारलं, प्रश्न मिटला.

याच्या उलटही होतं बरं का. सर्किट अगदी चोख, पण इंटरप्टच्या आत लांबलचक हिशोब घातलेला, मग सेन्सरचं वाचन चुकतं. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम नीट शिकलेलं पोर लागतं.

तेव्हा लेकीला एवढंच विचारा: एखादी गोष्ट चालेनाशी झाली की तिचा हात आधी कुठे जातो, कोडकडे की वायरीकडे? ज्याला दोन्हीकडे जावंसं वाटतं त्याच्यासाठी ईसीएस चांगली शाखा आहे. गुजरातेत साणंदला मायक्रॉनने आणि धोलेऱ्याला टाटांनी चिपचे प्रकल्प हाती घेतलेत, आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ‘वेगा’ प्रोसेसर आपल्याकडे बनवलेत. या बाजूला पुढे माणसं लागणार आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आमच्या कामाकडे मुलं वळतच नव्हती.

ट्रान्सहार्बर

बोर्डकिडा, तुमचं काम मोलाचं आहे हे कबूल. पण सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्यांना जास्त मिळतो हेही सांगा. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये संध्याकाळी बाहेर पडणारी गर्दी बघा आणि महाप्याच्या गाळ्यांतून निघणारी बघा.

बोर्डकिडा

सुरुवातीला कमी, मान्य. पण हे काम मुरायला वेळ लागतो आणि मुरलेला माणूस सहज मिळत नाही. पाच-सात वर्षं टिकलेल्याला विचारा. आणि व्हीएलएसआयमध्ये गेलात तर सुरुवातही वाईट नसते, फक्त त्यासाठी बंगळुरू, हैदराबाद, नोएडा अशी तयारी ठेवावी लागते. ठाण्यात आईजवळ राहून ते काम मिळणं कठीण.

सॅन_होझेकर

मुग्धाताई, तुमचे बंधू असं का म्हणतात ते सांगतो. इथे अमेरिकेत एबीईटी नावाची अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था आहे. ती कॉम्प्युटर सायन्सला एका आयोगाखाली तपासते आणि कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला अभियांत्रिकीच्या वेगळ्या आयोगाखाली. एसीएम आणि आयईईई या व्यावसायिक संघटनांचे नमुना अभ्यासक्रमही दोन्हींचे स्वतंत्र आहेत. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या २०१६ च्या नमुन्यात सर्किट, डिजिटल डिझाइन, सिग्नल प्रोसेसिंग, एम्बेडेड सिस्टिम हे गाभ्यात येतं. कॉम्प्युटर सायन्सवाल्याला सर्किट न शिकताही पदवी मिळू शकते.

गंमत अशी की इथेही सगळीकडे सारखं नाही. बर्कली विद्यापीठात ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग अँड कॉम्प्युटर सायन्सेस) अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे आणि कॉम्प्युटर सायन्सची बी.ए. वेगळ्या महाविद्यालयात. दोन्हीकडची मुलं बरेचसे वर्ग एकत्र करतात आणि त्याच कंपन्यांत जातात. हो, बी.ए.! इथे कोणी त्यांना ‘आर्ट्स केलंस का’ म्हणून विचारत नाही. :)

पुढे एम.एस.साठी इकडे यायचं असेल तर एक लक्षात ठेवा. अनेक विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात. तीन वर्षांच्या बी.एस्सी.ने १५ होतात. नव्या धोरणात चौथं ऑनर्सचं वर्ष आहे, ते केलं तर हा प्रश्न सुटतो. पण त्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

कळवा_नाका

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलेली आहे, ठाण्यातूनच, त्यामुळे या बाजूने कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

बी.एस्सी. म्हणजे ज्याला बी.ई. मिळालं नाही त्याची सोय, हा समज आधी काढून टाका. आम्हाला पहिल्याच सत्रात पायथन, डेटाबेस, डिस्क्रीट मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स होतं. बी.ई.ला गेलेल्या माझ्या मैत्रिणी तेव्हा वर्कशॉपमध्ये लाकूड तासत होत्या आणि ड्रॉइंग शीटवर प्रोजेक्शन काढत होत्या. दुसऱ्या वर्षी थिअरी ऑफ कम्प्युटेशन, अल्गोरिदम, पायथन वापरून लिनियर अल्जिब्रा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्रॅक्टिकलं होती, म्हणजे हार्डवेअर अगदीच नाही असंही नव्हतं. आज मी डेटाचं काम करते. रोजच्या रोज उपयोगी पडतं ते त्या दोन वर्षांतलं स्टॅटिस्टिक्स.

फी बी.ई.च्या तुलनेत खूप कमी. कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी घरी आलं की हातात वेळ असायचा. त्या वेळेत मी ओपन सोर्स प्रकल्पांत छोटे बदल पाठवायला शिकले आणि पहिल्या मुलाखतीत तासभर त्याबद्दलच बोलणं झालं.

आता कठीण बाजूही सांगते, कारण ताई तेच विचारताहेत. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या कमी असतात. विप्रोचा विल्प, टीसीएसची बी.एस्सी.-बीसीएवाल्यांसाठीची भरती, असे रस्ते आहेत. विल्पमध्ये नोकरी करता करता एम.टेक. होतं, अट असते ती नीट वाचून घ्यायची. पण बऱ्याच कंपन्या बी.ई. किंवा एम.सी.ए.च मागतात, ट्रान्सहार्बर म्हणतात तो रकाना खरोखर असतो. मी पदवीनंतर एम.एस्सी. केलं आणि मग सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा पीजी-डॅक हा पदव्युत्तर डिप्लोमा केला, खारघर स्टेशनसमोरच्या केंद्रात. ते महिने फार कसून अभ्यासाचे असतात, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्यानंतर नोकरीत कोणी पदवी विचारली नाही.

मुलीला गणित खरंच आवडत असेल तर आणखी एक वाट आहे. बी.एस्सी.नंतर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटला एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि ती मनाने गणिती असलेल्या मुलांसाठीच असावी असं वाटतं.

पामबीच

+१. फार छान लिहिलंत कळवा_नाका.

ट्रान्सहार्बर

छान लिहिलंय, पण हिशोब मांडा. बी.एस्सी. तीन वर्षं, मग दोन वर्षांचं एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. म्हणजे जिथे बी.ई.वाला चार वर्षांत पोचतो तिथे तुम्ही पाच वर्षांत पोचता, आणि मध्ये आणखी एक प्रवेश परीक्षा. कळवा_नाका यांच्याकडे स्वतःहून शिकण्याची जिद्द होती. ती प्रत्येक १७-१८ वर्षांच्या मुलात असेलच असं धरून निर्णय घ्यावा का? बी.ई.ची चौकट सामान्य विद्यार्थ्यालाही धरून ठेवते. सबमिशन, वायवा, एक्स्टर्नल, केटीची भीती, या सगळ्याने पोरगं चार वर्षं अभ्यासाला लागतं.

सरकारी बाजूही बघा. इस्रोच्या शास्त्रज्ञ पदाला किंवा तुर्भ्यापलीकडे ट्रॉम्ब्याला बीएआरसीत संगणकाच्या जागांसाठी बी.ई./बी.टेक. लागतं.

कळवा_नाका

सामान्य विद्यार्थ्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पण इथे प्रश्न एका विशिष्ट मुलीचा आहे. केटीच्या भीतीने शिकलेलं फार टिकत नाही, हे मात्र माझं ठाम मत.

जुने_पान

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत भारतात बनलेला पहिला मोठा संगणक उभा राहिला, १९६० मध्ये तो पूर्णपणे चालू झाला. १९६२ साली नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ नाव दिलं. ४० बिटांचे २०४८ शब्द एवढी त्याची स्मृती, फेराइटच्या बारीक कड्यांची. ज्यांच्या नेतृत्वाखाली तो घडला ते आर. नरसिंहन शिकले होते काय? आधी टेलिकम्युनिकेशनचं इंजिनीअरिंग, मग कॅलटेकला इलेक्ट्रिकल, आणि डॉक्टरेट गणितात! त्या काळी सर्किट जोडणारा आणि अल्गोरिदम लिहिणारा एकाच खोलीत बसत असे, आणि पुष्कळदा तो एकच माणूस असे.

हे अशासाठी सांगतो की शाखांच्या भिंती नंतर आल्या. पोरीला दोन्ही आवडत असेल तर तिला घाईने एका बाजूला ढकलू नका.

रबाळे_फास्ट

काका, रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये काम करतो मी. आमच्या एका रॅकमधली स्मृती टिफ्रॅकच्या हिशोबात सांगायची तर आकडा लिहायला हा प्रतिसादाचा डबा पुरायचा नाही. :)

बाकी धाग्यात एका गोष्टीचा उल्लेख नाही आला म्हणून सांगतो. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहताहेत. तिथे नेटवर्क, लिनक्स, वीज, कूलिंग हे सगळं लागतं. आमच्या पाळीत बी.ई. इलेक्ट्रिकल आहे, बी.एस्सी. आयटी आहे, डिप्लोमावाला आहे. लिनक्स हाताखालून गेलेलं असेल तर दार उघडतं.

मुग्धा_वर्तकनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. लेकीने सगळा धागा वाचला. तिलाच लिहायचंय, म्हणून याच आयडीवरून ती लिहितेय:

नमस्कार. मला प्रोग्रॅमिंग आवडतं, पण ॲप बनवण्यापेक्षा मी लिहिलेली पायथनची एक ओळ मशीनपर्यंत कशी पोचते हे कळावं असं जास्त वाटतं. बोर्डकिडा काकांच्या प्रश्नाचं उत्तर: मी आर्डुइनो या छोट्या बोर्डावर झाडांना पाणी घालायचं यंत्र केलं होतं. मातीतला सेन्सर थोड्या दिवसांत गंजायचा आणि चुकीचं वाचन द्यायचा. आधी मी कोडच बघत होते. मग वाचलं की सतत डीसी करंट गेल्याने इलेक्ट्रोलिसिस होतं. म्हणून सेन्सरला पिनवरून फक्त वाचण्यापुरती वीज दिली. आता टिकतो. मला हे शोधायला मजा आली, पण रोज हेच करायला आवडेल का ते माहीत नाही. कम्पायलर कुठे शिकवतात? आणि गणित कुठे जास्त आहे?

बोर्डकिडा

शाब्बास! अगं, सेन्सरला गरजेपुरतीच वीज द्यायची हे आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. कुठलीही शाखा घे, पण हा छंद सोडू नकोस. महाप्याला कधी आलीस तर ऑसिलोस्कोप दाखवीन.

खडूफळा

तू विचारलेले दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत.

कम्पायलर बी.ई. कॉम्प्युटरला तिसऱ्या वर्षी आहे, सिस्टिम प्रोग्रॅमिंगबरोबर. त्याच्या आधीच्या सत्रात थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्समध्ये ऑटोमॅटा आणि ग्रामर होतात, कम्पायलरचा अर्धा पाया तिथे. आणि दुसऱ्या वर्षी आर्किटेक्चर आणि मायक्रोप्रोसेसरमध्ये ८०८६ ची असेंब्ली. तुझी पायथनची ओळ मशीनपर्यंत कशी जाते त्याचा पूर्ण रस्ता या तीन-चार विषयांत मिळून दिसतो. बी.एस्सी.त ऑटोमॅटा आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आहे, पण प्रयोगशाळेत बसून कम्पायलरचे टप्पे लिहून बघणं मी बी.ई.च्या अभ्यासक्रमात जास्त पाहिलंय.

गणिताचं उत्तर थोडं वेगळं. बी.ई.चं गणित म्हणजे लाप्लास, फुरिये, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल, मॅट्रायसेस, प्रोबॅबिलिटी. हिशोबाचं गणित जास्त, सिद्धता कमी. बी.एस्सी.त डिस्क्रीट, स्टॅटिस्टिक्स आणि लिनियर अल्जिब्रा पहिल्यापासून. तुला सिद्धता करायला आवडते का, की गणितं सोडवायला? दोन्ही चांगलंच आहे, पण उत्तर वेगळं निघेल.

ठाण्याहून सुटलेली वाशीची गाडी आणि पनवेलची गाडी तुर्भ्यापर्यंत एकाच रुळावरून जाते. इथेही पहिले काही विषय सगळ्यांना सारखेच आहेत, वळण पुढे येतं. तुझं वळण मला कम्पायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, आर्किटेक्चर या बाजूला दिसतंय. त्यासाठी मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग पहिलं ठेवीन, ईसीएस दुसरं. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग हे वर्षभराचं काम आहे, त्यासाठी पुढची तीन वर्षं सोडू नकोस.

सॅन_होझेकर

आधी पायथनच्या आत बघ. ‘डिस’ नावाचं मॉड्यूल पायथनबरोबरच येतं. तुझ्या फंक्शनचं बाइटकोड, म्हणजे पायथन आतून चालवतो त्या बारीक सूचना, ते समोर मांडतं. आज संध्याकाळी करून बघ, कुठल्याही कॉलेजची वाट बघायची गरज नाही.

सुविधा_केंद्र

फीचं कोणी नीट सांगितलं नाही अजून. मी एका सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासण्याचं काम केलंय.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. डेव्हलपमेंट फी वगैरे वेगळी भरावी लागते, ती प्रत्येक कॉलेजला विचारा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयाचा लागतो. ठाण्यात जून-जुलैत सेतूवर रांग लागते, तेव्हा आजच अर्ज करा. दाखला वेळेत न मिळाल्याने सवलत हुकलेली मुलं बघवत नाहीत.

शिवाय टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेच्या ५ टक्के जागा असतात, त्यांचा चॉइस कोड वेगळा, शेवटी टी असलेला. तो फॉर्ममध्ये स्वतंत्रपणे भरावा लागतो. शाखा आणि कॉलेज तेच असलं तरी टीवाला कोड वर, साधा त्याच्या खाली.

आणि पसंतीक्रम खरा भरा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ म्हणजे पक्का होतो, बेटरमेंटला म्हणजे पुढच्या फेरीत दुसऱ्या पर्यायासाठी जाता येत नाही. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून नको असलेलं कॉलेज एक नंबरला टाकू नका.

बी.एस्सी.च्या गुणवत्ता याद्या कॅपच्या आधी लागतात. तिथे प्रवेश घेऊन ठेवायला हरकत नाही, रद्द करताना पैसे परत मिळण्याचे नियम आधी वाचून घ्या.

मुग्धा_वर्तकनगर

सुविधा_केंद्र, हे कुणीच सांगितलं नव्हतं आम्हाला. दाखल्याचं उद्याच बघते. म्हणजे फीच्या दृष्टीने बी.ई. आणि बी.एस्सी.मधला फरक आम्ही समजत होतो त्याहून बराच कमी आहे.

घोडबंदर_जाम

कॉलेज ठरवताना प्रवासही बघा हो. वर्तकनगरहून कासारवडवलीला जायचं तर घोडबंदर रोडची कृपा लागते. ठाणे स्टेशनला पोचलात की ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ सगळं एका गाडीत. माझी भाची नेरुळला जाते, ठाण्याहून बसायला जागा मिळते, जाताना वाचन होतं.

पामबीच

एक मनात आलेलं. एआय आता कोड लिहायला लागलंय, मग चार वर्षांनी या मुलींना काय काम असेल? माझ्या घरात हा विषय रोज निघतो.

रबाळे_फास्ट

कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. आमच्याकडे जे दिसतं ते असं, की लिहून मिळालेला कोड बरोबर आहे की नाही हे ओळखणारा माणूस आजही शोधावा लागतो. ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क आतून कळतं त्याला ते ओळखता येतं.

कळवा_नाका

म्हणूनच ‘एआय अँड डेटा सायन्स’, ‘एआय अँड एमएल’ अशा नावाच्या नव्या शाखांकडे जाताना त्यांचाही अभ्यासक्रम वाचावा. काही ठिकाणी कम्पायलर, आर्किटेक्चर काढून तिथे दुसरं घातलेलं असतं. या मुलीला हवं ते नेमकं तेच गेलं तर काय उपयोग?

ट्रान्सहार्बर

हे मात्र सोळा आणे खरं. साधं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घ्या आणि एआय ऑनर्स किंवा मायनर म्हणून करा.

मुग्धा_वर्तकनगर

काल तिघांनी बसून पीडीएफ वाचल्या. लेकीने ‘डिस’ पण चालवून पाहिलं, मग जेवायला बोलावलं तरी उठेना. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग पहिले काही पर्याय, मग ईसीएस, असा क्रम तिने स्वतःच लावलाय. भावालाही धाग्यातलं कळवलं, त्याला खडूफळा मॅडमचा मुद्दा पटला. बी.एस्सी.ची यादी लागली की तिथेही नाव नोंदवून ठेवणार आहोत.

दिघा_गाव

धागा संपत आला असेल, पण एक विचारतो. माझ्या मुलाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल, पण पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं. जड जातं का?

खडूफळा

दुसऱ्या वर्षाच्या ‘गणित तीन’ या विषयाला जड जातं, हो. बाकी विषयांत डिप्लोमाची मुलं पुढेच असतात. मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला बारावीहून आलेली मुलं त्यांच्याभोवती जमतात, कारण त्यांच्या हाताला असेंब्लीची सवय असते. या सुट्टीत इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स आणि कॉम्प्लेक्स नंबर एवढं पक्कं करून घ्या, लाप्लासला तेच लागतं. थेट दुसऱ्या वर्षाची कॅप वेगळी असते, तिच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बघत राहा. ईसीएस आणि कॉम्प्युटर दोन्ही मिळण्यासारखं असेल तर डिप्लोमात त्याला मायक्रोकंट्रोलरचा विषय कसा वाटला होता ते विचारा आणि इथे लिहा, मग पुढचं बोलू.